चौथ्या पडद्यावरचा सा

सरळगावच्या पुढे एका वाडीत हळदीला वाजवून झालं, तेव्हा मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या एका आजोबांनी मला हाताने जवळ बोलावलं. म्हणाले, "तुझं वाद्य सगळ्यांत मोठं. मग आवाज का नाय येत त्याचा?" त्या रात्री आमच्या पार्टीत बँजो होता, कीबोर्ड होता, पॅड होतं, ढोलकी होती, आणि कडेला चार जाड तारांची बेस गिटार गळ्यात अडकवून मी. आजोबांचं काही चुकलं नव्हतं. एक जुना अँप्लिफायर आणि दोन कर्णे एवढ्यावर सगळा कारभार चालला होता. मी तीन तास इमानदारीनं वाजवलं, ते बहुधा गिटारीला टेकलेल्या माझ्या पोटालाच कळलं असेल.

तेव्हापासून शहापूर-मुरबाडकडचा कोणी हौशी पोरगा "बेस घ्यायचीय, कोणती घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मी उलट विचारतो, "कशातून वाजवणार?" त्याला वाटतं मी टाळतोय. पण बेस गिटार हे अर्धंच वाद्य आहे. उरलेलं अर्धं स्पीकरच्या खोक्यात असतं, आणि निवड करायची ती दोन्ही अर्धांची मिळून.

थोडे आकडे पाहू. बेस गिटारच्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी अशा लावतात. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. मोकळी ई तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. त्या सुराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब, म्हणजे वाडीवरचं एखादं लहान घर पुढच्या ओट्यापासून मागच्या दारापर्यंत तिच्यात मावेल. सगळ्यांत बारीक जी तारेचा बारावा पडदा दाबला तरी आकडा 196 वर थांबतो. आणि खांबाला बांधलेला कर्णा साधारण तीनशेच्या खालचं फारसं काही बाहेर सोडतच नाही. तो बनवलाय माणसाचं बोलणं लांब पोचवायला. त्यातून बेसचे जे काही ऐकू येतात ते मूळ सुराच्या वरचे बारीक स्वयंभू सूर. कान हुशार असतो, त्या वरच्या सुरांवरून खालचा सूर ताडतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर आपल्याला गाण्यातला बेस 'कळतो' तो असाच. पण मांडवात छातीवर जी धूम बसायला हवी, ती ताडून बसत नाही.

आता खर्ज आमच्या भागाला नवा आहे असं कोणी समजू नये. भजनाला बसण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात ती काय उगाच? ती थापल्याशिवाय डावी घुमत नाही. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून मसाला लावतात आणि तिला धूम असंच म्हणतात. संबळाच्या जोडीत एक बोलतं नि एक घुमतं. पेटी घ्यायला गेलात तर दुकानदार विचारतो, "खर्ज-नर हवी की नर-नर?" मिरजेच्या तानपुऱ्यात शेवटची तार पितळेची, तिचं नावच खर्ज. त्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वारल्यांचे भगत दोन भोपळ्यांच्या घांगळीची तार छेडत कणसरी या धान्यदेवतेची कथा गातात, म्हणजे तारेचं वाद्यही ठाण्याच्या डोंगरपट्ट्याला परकं नाही. घुमणारा सूर ज्याला आवडतो तो माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आहे. फक्त त्याच्या हातात कातडं होतं, पितळ होतं, भोपळा होता.

परक्या वाद्याचंही आम्हाला वावडं नाही. आमच्या लग्नांचा प्राण असलेला बँजो मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता याने 1912 मध्ये टंकलेखन यंत्रासारखी बटणं बसवून तारेचं एक वाद्य केलं. त्याच वर्षी जपानात ताईशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव ताईशोगोतो. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, आणि त्याला पिकअप लावून वीज जोडल्यावर मुंबई-ठाणे-रायगडात त्याचा 'बँजो' झाला. अमेरिकेतल्या खऱ्या बँजोशी याचं नात्यागोत्याचंही काही नाही. रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा कुठे शहरी प्रेक्षकाला कळलं की ज्या पोरांच्या तालावर आपण वरातीत नाचतो त्यांचीही काही गोष्ट असते. जपानहून आलेलं वाद्य जर मांडवात हळदीइतकं आपलं झालं, तर अमेरिकेहून आलेली बेस गिटार का झाली नाही?

ती वयाने फार लहान आहे असंही नाही. सिएटलच्या पॉल टटमार्क याने 1930 च्या दशकात विजेवरची, पडद्यांची, आडवी धरायची बेस करून पाहिली होती, पण ती कोणी उचलली नाही. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणली आणि तिथून हे वाद्य जगभर गेलं. त्याआधी खर्जासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस लागे. तो गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागे, आणि ढोल-ब्रास वाजू लागले की ऐकू येत नसे. फेंडरने दांडीवर पडदे बसवले म्हणून सूर नेमका, नेमका म्हणून नाव प्रिसिजन. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत ती लवकर रुळली. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळची गाणी आपण सगळ्यांनी हजारदा ऐकली, त्यातल्या बेसवर नाचलोही. पण वाजवणाऱ्याचं नाव शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. बेसवाल्याच्या नशिबाचाच तो भाग असावा.

मांडवात तिची जागा दोघांनी घेतली. पहिला कीबोर्डवाला. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला कॅसिओ म्हणायची पद्धत आहे, तो भाग वेगळा. यामाहाने भारतीय ठेके आणि आवाज भरून पीएसआर-आय मालिकेचे कीबोर्ड इथल्या बाजारासाठी काढले. त्यावर डाव्या हातानं तीन पट्ट्या दाबल्या की बेस आपोआप वाजतो, ठेका आपोआप वाजतो. रोलँडचं एसपीडी-20 पॅड आलं आणि उरलासुरला ढोल त्यात गेला. पार्टीच्या मालकाचा हिशोब सरळ आहे. सुपारी तेवढीच, मग जेवायला आणि वाटणीला एक माणूस वाढवायचा कशाला? बेसवाल्याची सुपारी कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात गेली ती अशी. दुसरा डीजे. त्याच्या भिंतीतल्या अठरा इंची स्पीकरांनी खर्ज इतका स्वस्त करून टाकला की दहा घरं पलीकडची भांडी थरथरतात. तो खर्ज कोणी वाजवत नाही, नुसता सोडतात. माझ्या मते हे मोठं नुकसान झालं. खर्ज हा सुराचा पाया असतो हे ऐकणारे विसरले आणि खर्ज म्हणजे दणका अशी समजूत होऊन बसली.

तरी बेसवाले आहेत. मी पाहिलेले बहुतेक कॉलेजची पोरं, मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे, एखादे शाळामास्तर. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात बेसला त्यातल्या त्यात मान मिळतो, कारण तिथे गाणं ऐकायला बसलेली माणसं असतात. हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, पावसाबरोबर संपतो, मध्ये गणपतीत पुन्हा उघडतो. भाताच्या लावणीत कोणी सराव करत नाही. वाद्य घ्यायचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो आणि तो चुकला की वर्ष गेलं, म्हणून निवडीचा प्रश्न इथे शहरापेक्षा जास्त गंभीर आहे. ठाण्यातला मुलगा न आवडलेली गिटार महिन्याभरात विकतो. डोळखांबच्या पोराची ती घरच्या आड्याला टांगलेली राहते.

आड्याला टांगू नका, हे आधी सांगून टाकतो. बेसच्या चार तारांचा मिळून ताण 75 किलोच्या आसपास असतो, पन्नास किलोच्या दीड गोणीएवढा. तो रात्रंदिवस दांडीला ओढत असतो. त्यात जून ते सप्टेंबर आमच्याकडची हवा. लाकूड ओल पितं, दांडी वाकते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपल्याच बोटांत जोर उरला नाही. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती किल्लीनं पाव फेरा फिरवली की दांडी पुन्हा सरळ येते. पाव फेरा म्हणजे पाव फेराच. मी पहिल्या वर्षी उत्साहात पूर्ण फिरवली होती आणि ती दुरुस्त करून घ्यायला मुंबईला गेलो. पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून लांब, पिशवीत, नव्या चपलांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवली तर पुरतं.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. गिटारीच्या दांडीवर पडदे बसवायची काळपट पट्टी पूर्वी बहुधा शिसवाची असे. पण 2017 च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस कराराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019 च्या अखेरीस सूट मिळाली, तोवर कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली होती. त्यांतलं एक 'इंडियन लॉरेल' या नावानं फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त नाममुद्रेच्या गिटारींवर येतं. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, तानसाच्या जंगलात आणि माळशेजच्या पायथ्याला पावलोपावली दिसणारा ऐन. आम्ही ज्याच्या फांद्या शेताच्या राबाला वापरल्या, तो नाव बदलून गिटारीच्या दांडीवर बसला आणि पॉलिश होऊन धोबीतलावच्या काचेमागे आला.

धोबीतलाव म्हटलं कारण वाद्य हातात घेऊन पाहायचं तर शेवटी तिकडेच जावं लागतं. 1865 पासूनची फुर्टाडोसची पेढी तिथेच, सीएसएमटीवरून चालत जाण्याच्या अंतरावर. शहापूरकराला आसनगावहून लोकल, मुरबाडकराला आधी कल्याणपर्यंत एसटी. मुंबईला भातसा-तानसाचं पाणी इथून जातं आणि बेस गिटार तिथून येते, असा हा व्यवहार आहे. परतीच्या कसारा लोकलमध्ये जवळजवळ चार फुटांची पिशवी घेऊन चढायचं असेल तर संध्याकाळची वेळ टाळा.

काय घ्यावं? आधी पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून तिची वीज करणारा त्यांच्याखालचा चुंबक. बेसचे दोन ढोबळ प्रकार. पी पद्धतीत, म्हणजे प्रिसिजनच्या धर्तीवर, मधोमध दोन तुकड्यांत तोडलेला एकच पिकअप असतो. फेंडरने तो 1957 मध्ये असा तोडला. जे पद्धतीत, म्हणजे 1960 च्या जॅझ बेसच्या धर्तीवर, दोन सरळ पिकअप असतात. शहरातले वादक जे घ्यायला सांगतात, कारण तिच्यातून सुराच्या छटा जास्त निघतात. गावात मी पी सांगेन आणि त्याचं कारण संगीतातलं नाही, विजेचं आहे. आमच्या मांडवात जनरेटर असतो, अर्थिंग बहुधा नसतं, आणि वर रंगीत दिव्यांच्या माळा. सरळ पिकअप ही सगळी घुणघुण उचलतो आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू होतं. दोन्ही पिकअप सारखे उघडले तर ते कमी होतं, पण मग छटांचा फायदा कुठे राहिला? तोडलेल्या पिकअपचे दोन तुकडे एकमेकांची घुणघुण खोडतात. ज्याला हळदीत वाजवायचंय त्याने एवढ्या एका गोष्टीवर निर्णय घ्यावा. काही गिटारींवर पी आणि जे दोन्ही असतात. यामाहाची टीआरबीएक्स 174 त्यातलीच, नि हौशी लोकांत ती बरीच दिसते. तिच्यावर पी उघडा ठेवून जे बंद करता येतो.

अर्थिंगवरून आणखी एक. नसलेलं अर्थिंग घुणघुणीवर थांबत नाही. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये स्वॉन्सीत मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. आपल्याकडे शेणानं सारवलेलं ओलं अंगण, अनवाणी पाय, एक हात तारेवर आणि ओठ माइकला. माइकला तोंड लावण्याआधी मंडपवाल्याकडून टेस्टर मागून घ्यायला लाजू नका.

बॅटरीवाली ॲक्टिव्ह बेस घेऊ नये. आवाज दमदार येतो, मान्य. पण तिला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो आणि ती पिन लावून ठेवली तरी तो खात राहते. रात्री अकराला धसईच्या पुढे तो संपला तर किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतील, हा मिळेलच असं नाही. साधी पॅसिव्ह बेस कधी मरत नाही. तिला मिक्सरपर्यंत लांब वायर टाकायची असेल तर मध्ये एक डीआय बॉक्स लावावा, नाहीतर वाटेतच सुराचं पाणी होतं. ही डबी गिटारीच्या मानानं स्वस्त असते आणि ती घ्यायचं जवळजवळ प्रत्येक जण विसरतो.

मापाचा प्रश्न लोक गांभीर्यानं घेत नाहीत. नेहमीच्या बेसची तार घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत 34 इंच. त्यामुळे पहिल्या पडद्याचं घर 48 मिलिमीटर रुंद होतं. साध्या गिटारीवर ते 36 च्या आसपास असतं. तीस इंची आखूड बेसवर 43. पाच मिलिमीटर काय असे वाटतात, पण चौदा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला चार बोटं चार पडद्यांवर टेकवायची असतील तर सगळा खेळ त्या पाच मिलिमीटरचा असतो. आखूड बेस म्हणजे खेळणं, असं दुकानातले पोरगेही सांगतात. पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली ती व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर आखूडच होती. घेण्याची कारणंही किती साधी: साधारण तीस पौंडांत परवडत होती, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्यानं उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. ती 1972 मध्ये चोरीला गेली आणि सापडून त्याच्याकडे परत आल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. बीटल्सची सुरुवातीची गाणी ज्या वाद्यावर झाली ते वाद्य खिशाकडे आणि आरशाकडे बघून निवडलं होतं.

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याचं उदाहरण मला त्याहून आवडतं. 1962 सालची एकच प्रिसिजन, गुळगुळीत वेढ्याच्या तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि उजव्या हाताचं एकच बोट. घोडीजवळ तारांखाली स्पंज. ही शेवटची गोष्ट आमच्या कामाची आहे. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घोडीपाशी तारांखाली सरकवा. सूर लांबत नाही, ढोलकीच्या धूमसारखा भरीव 'ढुप्' येतो आणि मांडवातल्या गोंगाटात इतर वाद्यांच्या पायात येत नाही. गुळगुळीत तारा महाग पडतात, पण घामाने आणि दमट हवेने खरबरीत तारांच्या वेढ्यांत जो गंज चढतो तो त्यांच्यावर कमी चढतो. हळदीच्या रात्री खरबरीत तारांच्या फटीत हळद बसते ती वेगळी. माझा एक संच पिवळाच झाला होता. तारा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाकून पुसल्या की आणखी महिनाभर बोलतात, ही जुनी युक्ती इकडेही चालते.

चार तारा की पाच? इथे मात्र मी शहरी पुस्तकं बाजूला ठेवून पेटी पुढे ओढेन. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असेल, तर ए तारेचा चौथा पडदा म्हणजे सा. त्याच पडद्यावर वरची जाड ई तार दाबली की खालचा पंचम. एका आडव्या बोटात सा आणि प. आणि तो सा कुठला? काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार जिथे बोलते, अगदी तिथला, सेकंदाला 69 कंपनांचा. मला हे कळलं त्या दिवशी बेस गिटार हे परकं वाद्य राहिलं नाही. पण आपले भजनी बुवा पट्टी चढवतात. काळी चारला सा ई तारेच्या चौथ्या पडद्यावर जातो आणि त्याच्या खालचा पंचम चार तारांत उरतच नाही. पाचवी जाड तार असेल तर तो तिच्या चौथ्या पडद्यावर मिळतो. म्हणजे पाच तारांची गरज चढ्या पट्टीच्या भजनात आहे. सिनेमाच्या गाण्यांना चार पुरेत. गंमत अशी की बाजारात पाच तारांच्या बेसचं कौतुक अगदी उलट लोकांसाठी चालतं.

तरी नवख्याने चारच घ्याव्यात. पंचम वरचा लावला तरी देव रागावत नाही.

पैशाचं सांगायचं तर देशी नावाच्या चार तारी बेस साधारण दहा-बारा हजारांपासून सुरू होतात, इंडोनेशियात बनलेल्या यामाहा-आयबानेझच्या सुरुवातीच्या बेस वीस हजारांच्या आसपास नि पुढे. वीस हजार हातात असतील तर वीसची गिटार घेऊन ती कर्ण्यातून वाजवण्यापेक्षा बाराची घ्यावी आणि उरलेल्यात सरावाला पंचवीस-तीस वॅटचा बेस कॉम्बो किंवा जुना पंधरा इंची स्पीकर बघावा. पोरांना हे पटत नाही. स्पीकरचा फोटो स्टेटसला कोण ठेवतं?

जुनी गिटार घ्यायला हरकत नाही, पण ती म्हशाच्या यात्रेत बैल घेतात तशी घ्यावी. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या त्या बाजारात जाणता शेतकरी बैलाच्या दातापासून खुरापर्यंत हात फिरवल्याशिवाय किमतीचं तोंडच काढत नाही. तशीच दांडी डोळ्यासमोर धरून कण्यासारखी न्याहाळा, पीळ तर पडला नाही ना. पडद्यांवर तारेनं खोबणी पाडल्यात का बघा. खुंट्या फिरवून पाहा, सैल खुंटी म्हणजे रात्रभर सूर उतरणार. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, तो कचरा असतो आणि साफ होतो.

शिकायचं कुणाकडे? मी रेकॉर्डिंग ऐकत, मोबाइलवर बघत आणि कल्याणच्या एका वादकाच्या घरी दर रविवारी जाऊन शिकलो. मुलींना हे वाद्य झेपत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी मोहिनी डे ऐकवतो. मुंबईची, 1996 चा जन्म, वडील सुजॉय डे हेही बेसवादक. अगदी लहान वयात शिकायला लागली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागली. तिचं वादन ऐकून आमच्या पार्टीतला पॅडवाला दोन दिवस गप्प होता.

राहिला प्रश्न वाजवायचं कुठे. लग्नाचा मांडव कीबोर्ड आणि डीजे यांनी वाटून घेतलाय, तिथे बेसवाल्याने फार आशा धरू नये असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वस्तीतली मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. नियम कडक पाळले गेले की डीजे मागे हटतो आणि बँजो-ढोलाला पुन्हा बोलावणं येतं, पण बेसला नाही. तिची खरी जागा मला भजनात दिसते. काही बुवा भुवया उंचावतील. पण पेटीसुद्धा युरोपातूनच आली आणि आता तिच्याविना अभंग सुरू होत नाही. भजनाला स्वरसंगत बदलणारी इंग्रजी चाल लागत नाही. त्याला हवा असतो सतत धरलेला सा, अधूनमधून प, आणि पखवाजाच्या डाव्या थापेशी जुळलेला एक भरीव ठोका. हे काम हौशी वादकाच्या आवाक्यातलं आहे. त्याला वेगवान बोटं लागत नाहीत, एकच बोट लागतं आणि गप्प राहायची तयारी लागते. श्रावणात किन्हवलीकडच्या एका देवळात मी दोन तास फक्त चौथा पडदा धरून बसलो होतो. कर्णे बंद होते, एक लहानसा स्पीकर माझ्या मागे. मृदंगवाल्यानं मध्येच वळून पाहिलं आणि कणीक थोडी काढून टाकली, कारण त्याला खाली दुसरं कोणीतरी सापडलं होतं.

तेव्हा भजनी मंडळींना माझी विनंती एवढीच. गावात कोणा पोराकडे बेस गिटार असेल तर येत्या सप्ताहात त्याला मृदंगाच्या शेजारी सतरंजीवर जागा द्या आणि मिक्सरची एक पिन मोकळी ठेवा. आणि ज्यांना नवी घ्यायची आहे त्यांनी दुकानात गिटारवाला मित्र नेऊ नये, आपल्या मंडळातला पेटीवाला न्यावा. ए तार मोकळी छेडा, मग तिचाच बारावा पडदा दाबून छेडा. दोन्हींत नेमका एका सप्तकाचा फरक आहे का, हे त्याचा कान दुकानातल्या कुणापेक्षाही आधी सांगेल. तो मान हलवेल तर किंमत विचारा, नाही हलवली तर पुढची गिटार हातात घ्या.